दोन दिवसांसाठी जहाज

मंडळी, या वीकेंडचा विषय जरा वाट सोडून आहे. ना क्रिकेट, ना अप्रेझल, ना हिंजवडीचा ट्रॅफिक. या वेळी समुद्रावर लिहितोय. वाकडमध्ये बसून समुद्र? हो, का नाही! नकाशा उघडा आणि वाकडपासून पश्चिमेला सरळ पट्टी ठेवा. अलिबागचा किनारा शंभर किलोमीटरच्या आत येतो. दर पावसाळ्यात आपल्या अंडरपासमध्ये जे पाणी साचतं आणि आपण ज्याच्या नावाने खडे फोडतो, ते याच समुद्रावरून आलेलं असतं. बाणेर ओलांडलं की पाषाणला आयआयटीएम आहे, म्हणजे भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्था. तिथल्या लोकांचा तर पगारच या समुद्राच्या आणि ढगांच्या भानगडी समजून घेण्यासाठी आहे.

तर प्रश्न असा की समुद्र समजून घ्यायचा तर समुद्रात जावं लागतं, आणि समुद्रात जायचं तर जहाज लागतं. हे जहाज मिळतं कसं? आणि कुणाला मिळत नाही?

मला हे सगळं कळायचं कारण म्हणजे माझी मामेबहीण. ती सागरी सूक्ष्मजीवशास्त्रात पीएचडी करतेय. रत्नागिरीसमोरच्या समुद्रतळावरच्या गाळात, ऑक्सिजन संपल्यावर कोणते जिवाणू काय उद्योग करतात, हा तिचा विषय. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी विचारलं होतं, "चिखलात काय बघणार?" त्यावर तिने दीड तास घेतला. त्यातलं मला जे कळलं ते थोडक्यात सांगतो.

अरबी समुद्रात साधारण दीडशे मीटरपासून हजार मीटर खोलीपर्यंत पाण्याचा एक जाडजूड थर असा आहे, की त्यात ऑक्सिजन जवळजवळ नसतोच. हा थर बारा महिने तिथेच असतो. आपल्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या उथळ भागात मात्र वेगळाच प्रकार होतो. पावसाळ्यात खालचं थंड, कमी ऑक्सिजनचं पाणी वर सरकून किनाऱ्याच्या दिशेने येतं. वरून पावसाचं आणि नद्यांचं गोडं पाणी त्यावर झाकणासारखं बसतं. पोषकद्रव्यं मिळाल्यामुळे वनस्पती-प्लवक भराभर वाढतात, मरतात, खाली बसतात आणि कुजताना उरलासुरला ऑक्सिजनही खाऊन टाकतात. सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत काही ठिकाणी तळाजवळ ऑक्सिजन शून्यावर येतो आणि सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले (एनआयओ) डॉ. नक्वी आणि त्यांचे सहकारी यांनी २००० मध्ये 'नेचर'मध्ये दाखवून दिलं, की या काळात आपल्या किनाऱ्याजवळून नायट्रस ऑक्साइडही मोठ्या प्रमाणात बाहेर पडतो. हा वायू हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट भारी आहे.

थोडक्यात काय, तर रत्नागिरीसमोरचा चिखल ही जगाच्या हिशोबातली बाब आहे. कोळ्याच्या जाळ्यात मासळी का येत नाही याचंही एक उत्तर त्याच चिखलाच्या आसपास सापडू शकतं.

आता जहाजाकडे येऊ.

जहाजाची वेळ मागायची म्हणजे तिकीट काढण्यासारखं नसतं. अर्जात तुम्हाला तुमची 'स्टेशनं' द्यावी लागतात. म्हणजे समुद्रातले नेमके बिंदू, अक्षांश-रेखांशासकट. प्रत्येक स्टेशनवर काय खाली सोडणार, किती वेळ लागणार, किती माणसं येणार, कोणती प्रयोगशाळा लागणार, नमुने उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवायचेत का, कोणती रसायनं बरोबर आणणार... सगळं लिहायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वेळेचा हिशोब. संशोधन जहाज साधारण १० नॉटने चालतं असं धरा, म्हणजे दिवसाला २४० सागरी मैल. मुरगाव बंदरातून निघून अरबी समुद्राच्या मध्यावर, १५ उत्तर आणि ६४ पूर्वला जायचं, तर अंतर साडेपाचशे सागरी मैलांच्या वर. नुसतं पोचायलाच जवळपास अडीच दिवस, परत यायला तेवढेच. तिथे सीटीडी, म्हणजे क्षारता, तापमान आणि खोली मोजणारं यंत्र, बाटल्यांच्या कड्यासकट ४००० मीटर खाली सोडायचं, तर सेकंदाला एक मीटर वेगाने ते खाली जायला तासाहून जास्त वेळ लागतो. वर येताना बाटल्या बंद करत करत आणायचं, त्यामुळे आणखी जास्त. एका खेपेला तीन तास सहज गेले. यात वारा, लाटा, अडकलेली दोरी आणि बंद पडलेली विंच धरलेली नाही.

मग माझ्या बहिणीला किती वेळ हवाय? आम्ही दोघांनी एका रविवारी एक्सेल उघडून बसून काढलं. मुरगाव ते रत्नागिरी साधारण १०० सागरी मैल, म्हणजे १० तास. मग किनाऱ्यापासून बाहेर जाणारी एक रेषा, तिच्यावर ३०, ५०, १०० आणि २०० मीटर खोलीची चार स्टेशनं. या रेषेवर चालायला सात तास. प्रत्येक स्टेशनवर चार तास, म्हणजे सोळा. परत यायला बारा. एकूण पंचेचाळीस. दोन दिवसांच्याही आत!

"दादा, तुमच्या एका स्प्रिंटमध्ये माझी पाच वेळा ट्रिप होईल," ती म्हणाली. खरंय.

पण हे दोन दिवस तिला सप्टेंबरमध्येच हवेत. फेब्रुवारीत जाऊन उपयोग नाही, कारण तेव्हा तळाशी ऑक्सिजन परत आलेला असतो. म्हणजे अर्ज नाकारला गेला, तर त्याचा अर्थ 'पुढच्या महिन्यात बघू' असा नसतो. 'पुढच्या वर्षी बघू' असा असतो. आता दुसरीकडे तिचं घड्याळ बघा. नेट-जेआरएफ फेलोशिप एकूण पाच वर्षांची. २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढे ४२,०००. पाच वर्षांत सप्टेंबर येतात पाच. पहिला कोर्सवर्कमध्ये गेला. शेवटचा प्रबंध लिहिण्यात जाणार. उरले तीन. त्यातल्या एकात तिने जिथे अर्ज केला होता तिथून 'या हंगामात सामावून घेणं शक्य नाही' एवढं एक ओळीचं उत्तर आलं. दुसऱ्यात उत्तर आलं ते ऑक्टोबर उजाडल्यावर. त्या संस्थेचं नाव घेत नाही, कारण मुद्दा एका संस्थेचा नाहीच. आता हातात एक सप्टेंबर आहे.

आणि या वेळी तिच्या गाइडनी सुचवलंय की विषय बदल. जयगडच्या खाडीतले नमुने घे, तिथे होडीने जाता येतं.

इथे मला खरा धोका दिसतो. कुठला प्रश्न विचारायचा हे विज्ञानावरून ठरत नाही, तर होडी कुठपर्यंत जाते त्यावरून ठरतं. एका मुलीने विषय बदलला तर जग बुडत नाही, मान्य. पण अशा किती जणांनी बदलला असेल? पाण्याच्या खोलीप्रमाणे आपलं अज्ञान वाढत जाणार आणि नकाशावर खाड्या तेवढ्या रंगवलेल्या राहणार. विजयदुर्गापासून समुद्रात शंभरएक किलोमीटरवर आंग्रिया बँक नावाचं बुडालेलं पठार आहे. कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं, वर प्रवाळ असलेलं. पुण्याहून महाबळेश्वरला जायला जेवढं अंतर, साधारण तेवढंच ते किनाऱ्यापासून लांब. आपल्यापैकी किती जणांनी त्याचं नाव ऐकलंय?

छोट्या होडीने काही होत नाही असं मात्र अजिबात नाही. गोव्यात कांदोळीसमोर एनआयओचे लोक १९९७ पासून एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा जाऊन नमुने घेत आलेत, आणि पावसाळ्यानंतर ऑक्सिजन कसा संपतो हे समजण्यात त्या नोंदींचा फार मोठा वाटा आहे. पण ते स्टेशन किनाऱ्याजवळ, तीसेक मीटरच्या आत आहे. २०० मीटर खोलीवर, गाळ न ढवळता, त्याचे थर जसेच्या तसे वर काढायचे तर मिरकरवाड्यातला ट्रॉलर कितीही चांगला असला तरी पुरत नाही. त्याला वेगळी विंच, वेगळा कोअरर आणि शेजारीच प्रयोगशाळा लागते.

बरं, देशाकडे जहाजं नाहीतच का? आहेत, आणि त्यांचा इतिहास अभिमान वाटावा असा आहे. १९६० च्या सुमाराला आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम झाली तेव्हा चाळीसहून अधिक जहाजं आली होती आणि आपण त्यात नौदलाचं 'आयएनएस किस्तना' लावलं होतं. त्या मोहिमेतूनच १ जानेवारी १९६६ ला एनआयओ जन्माला आली. १९७६ मध्ये 'गवेषणी' आलं, आपलं पहिलं समुद्रविज्ञान जहाज. त्याने २६ जानेवारी १९८१ ला हिंदी महासागराच्या तळावरून धातूंचे गोळे वर काढले आणि १९८७ मध्ये भारताला त्या क्षेत्रात 'पायोनियर इन्व्हेस्टर'चा दर्जा मिळाला. मग १९८३ मध्ये जर्मनीत बांधलेलं 'सागर कन्या', १९८४ मध्ये डेन्मार्कमध्ये बांधलेलं 'सागर संपदा', पुढे इटलीत बांधलेलं 'सागर निधी', आणि २०१४ मध्ये सुरतेत बांधलेलं 'सिंधु साधना'. १९९९ च्या पावसाळ्यात बंगालच्या उपसागरात जाऊन 'सागर कन्या'ने मान्सूनची मोजमापं केली. २०२१ च्या मार्चमध्ये 'सिंधु साधना' विशाखापट्टणमहून सागरी सूक्ष्मजीवांच्या जनुकांचा शोध घ्यायला निघालं, तेव्हा वर २३ संशोधक होते आणि त्यात ६ महिला.

पण ही खोल समुद्रात जाणारी मोठी जहाजं हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढीच आणि आपलं सागरी आर्थिक क्षेत्र वीस लाख चौरस किलोमीटरहून जास्त. त्यातून दुरुस्ती, ड्राय डॉक, खवळलेला समुद्र वजा करा. मग मोठ्या मोहिमांचा नंबर आधी लागणार हे उघड आहे. त्यांच्यामागे मंत्रालय असतं, बजेट असतं, पंचवीस माणसांची टीम असते. तीस दिवसांच्या मागणीपुढे दोन दिवसांची मागणी कागदावरही केविलवाणी दिसते.

आता माझ्यातला इंजिनियर बोलतो. आमच्या कंपनीत परफॉर्मन्स टेस्टिंगचा एकच महागडा सेटअप होता. मोठ्या टीम्स तो आठवडा-आठवडा अडवून ठेवायच्या. आणि ज्यांना फक्त दोन तास हवेत ते रांगेत तीन-तीन आठवडे. सगळ्यांना वाटायचं नवा सेटअप घेतल्याशिवाय सुटका नाही. शेवटी एका मॅनेजरने (होय, मॅनेजरने!) साधा नियम काढला. गुरुवारची दुपार फक्त छोट्या मागण्यांची. तेवढ्याने निम्मी रांग संपली. यंत्र तेच, तास तेवढेच, फक्त छोट्यांची रांग वेगळी.

माझं म्हणणं एवढंच आहे: जहाजाच्या वर्षभराच्या वेळापत्रकात थोडे दिवस छोट्या मागण्यांसाठी आधीच बाजूला काढून ठेवा. आणि जहाज एका मोहिमेहून दुसऱ्या मोहिमेकडे जातं, तेव्हाच्या प्रवासाचाही उपयोग करा. गोव्याहून मुंबईकडे निघालेलं जहाज रत्नागिरीसमोरून जाणारच ना? तिथे थोडी वाट वाकडी केली (वाकडकरांना हा शब्द चालेल :-)) तर माझ्या बहिणीच्या कामासाठी जादा लागतो जेमतेम एक दिवस. सोबत दुसऱ्या एखाद्या कॉलेजचे, रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयाचे दोन-तीन जण घेतले तर एका दिवसात तीन प्रबंधांचे नमुने येतील. तिसरी गोष्ट म्हणजे नकार द्यायचा तर कारणासकट आणि हंगामाच्या आधी द्या. 'नाही' हे उत्तर जूनमध्ये मिळालं तर माणूस दुसरी वाट शोधतो. ऑक्टोबरमध्ये मिळालं तर त्याचा काय उपयोग?

यावर आक्षेप येतील, आणि ते चुकीचे नाहीत. पहिला म्हणजे जहाज एसटी नाही, हात केला की थांबायला. दिवसाचा खर्च लाखांत जातो. बरोबर. पण ज्या प्रवासात जहाज तसंही डिझेल जाळत चाललंय, त्यात वाढणारा खर्च वेगळा मोजा, पूर्ण मोहिमेचा नको. दुसरा म्हणजे नवख्या पोरांना डेकवर आणणं धोक्याचं. हेही बरोबर. ताणलेल्या वायरखाली उभं राहिलेला माणूस स्वतःचा आणि दुसऱ्याचा जीव घालवू शकतो. म्हणून प्रशिक्षण हवंच. पण समुद्रावर गेल्याशिवाय कुणी अनुभवी होत नाही, हेही तितकंच खरं. तिसरा आक्षेप मला माझ्याच मित्रांकडून आला: "अरे, एक ॲप काढू की बुकिंगचं!" नको रे बाबा. सॉफ्टवेअरची अडचण असती तर ती एका शनिवारात सुटली असती. गुरुवारची दुपार कुणाची हे ठरवायला ॲप लागलं नव्हतं. कुणीतरी ठरवावं लागलं होतं.

हे जगात कुठेच होत नाही असंही नाही. अमेरिकेत विद्यापीठांच्या संशोधन जहाजांची 'युनॉल्स' नावाची सामायिक व्यवस्था १९७० च्या दशकापासून आहे. कोणतं जहाज कधी कुठे जाणार हे वेळापत्रक तिथे कुणालाही बघता येतं. मोहिमेत रिकाम्या राहिलेल्या जागा विद्यार्थ्यांना देण्याची योजनाही आहे. आणि आपल्या धंद्यातलं उदाहरण हवं असेल तर गूगलचे माजी प्रमुख एरिक श्मिट आणि त्यांच्या पत्नी वेंडी यांनी २००९ मध्ये काढलेली संस्था शास्त्रज्ञांना जहाज फुकट वापरायला देते. अट एकच, मिळालेली माहिती सगळ्यांसाठी खुली करायची. आपल्याकडे श्रीमंत सॉफ्टवेअरवाले कमी आहेत का? पण तो वेगळ्या वीकेंडचा विषय.

कुणी म्हणेल, आता तरंगते आर्गो फ्लोट आहेत, जगभर सुमारे चार हजार, २००० मीटरपर्यंत बुड्या मारतात आणि माहिती उपग्रहावरून पाठवतात. ती माहिती फुकट आहे आणि मी स्वतः वाकडच्या फ्लॅटमधून उतरवून घेऊन तिचे आलेख काढलेत. भन्नाट प्रकार आहे. पण फ्लोट चिखल आणत नाही. रत्नागिरीसमोरच्या ५० मीटर पाण्यात त्याचं कामही नाही. आणि खुद्द ते फ्लोटही बहुतेक वेळा जहाजावरूनच सोडावे लागतात.

समुद्रापासून लांब वाढलेल्या माणसांनी समुद्र शिकायचा ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. डॉ. अदिती पंत नागपूरच्या. नागपूरहून कुठलाही समुद्र शेकडो किलोमीटर लांब. पुणे विद्यापीठातून बी.एस्सी. झाल्यावर ॲलिस्टर हार्डी यांचं समुद्रावरचं एक पुस्तक वाचून त्या या विषयाकडे वळल्या. हवाई, लंडन असं शिकून एनआयओत आल्या आणि १९८३-८४ च्या मोहिमेत अंटार्क्टिकावर गेल्या. डॉ. सुदीप्ता सेनगुप्तांबरोबर तिथे पोचलेल्या त्या पहिल्या भारतीय महिला. पुस्तकाने ओढ लावली, पण पुढचं काम व्हायला कुणीतरी जहाजात जागा द्यावीच लागली.

आता एक चांगली बातमी. जून २०२१ मध्ये केंद्राने 'डीप ओशन मिशन'ला पाच वर्षांसाठी ४,०७७ कोटींची मंजुरी दिली. आणि जुलै २०२४ मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राने कोलकात्याच्या गार्डन रीच गोदीशी नव्या संशोधन जहाजाचा करार केला. सुमारे ८९ मीटर लांब, किंमत ८४० कोटींच्या आसपास. पैसा आपला आहे. तुमच्या-माझ्या फॉर्म सोळामधून गेलेला.

म्हणून हा प्रश्न आपण विचारायला हरकत नाही, आणि जहाज पाण्यात उतरण्याआधी विचारायला हवा: या जहाजाच्या पहिल्या वर्षाच्या वेळापत्रकात छोट्या मागण्यांसाठी किती दिवस ठेवणार? वर्षाला दहा दिवस ठेवले तरी चार-पाच प्रबंध उभे राहतील. नवीन जहाजाला नियम सुरुवातीलाच लावता येतात. एकदा सवय लागली की ते दहा दिवस कुणाच्या तरी मोठ्या मोहिमेने गिळलेलेच असतील.

बहिणीने तिसरा अर्ज भरलाय. खाडीचाही प्लॅन तयार ठेवलाय, कारण फेलोशिप थांबत नाही. मी तिला एवढंच म्हटलं, "अगं, या वेळी अर्जात पहिल्याच ओळीत लिही, 'पंचेचाळीस तास.' बाकीचं नंतर."

असो. लेख लांबला. पुढच्या शनिवारी काहीतरी हलकंफुलकं लिहीन म्हणतो.